दुसऱ्या नंबराची शर्यत

शहादेव कशासाठी पळतो, असं तलवाड्यात पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि उत्तर सरळ होतं. त्याला पोलिसात भरती व्हायचं होतं. आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे. हातात कोयता घ्यायचा नसेल तर अंगात खाकी घालायला पाहिजे, एवढं त्या वयात त्याला कळलं होतं. पहाटे गेवराईच्या रस्त्याला तो असा सुटायचा की दूध घालायला निघालेल्यांच्या सायकली मागं पडायच्या. बीडच्या मैदानावर तो पळण्यात पहिला आला. मग छाती मोजली. ती अर्धा इंच कमी भरली. मोजणारा माणूस भला होता, त्यानं टेप दोनदा लावला. शहादेवनं श्वास कोंडून डोळे पांढरे केले, पण अर्धा इंच काही भरून निघाला नाही.

भरती हुकली तसं पळणंही सुटायला पाहिजे होतं. पण पायांना कोण सांगणार? शेती बघत बघत तो पळत राहिला, आणि तिशीत त्याला नवं कारण सापडलं. त्या कारणाचं नाव बंकट.

बंकट धारूरकडचा. काटक, नाकाडोळ्यांत सदा एक मिश्कील भाव. ज्या जत्रेत, ज्या जयंतीला दौड असेल तिथं हे दोघं असायचे आणि एकदा हा, एकदा तो, असा नंबर लागायचा. मग नारायणगडाच्या जत्रेत एका मंडळानं दहा किलोमीटरची दौड ठेवली. सातव्या किलोमीटरला शहादेव चांगला पन्नास पावलं पुढं होता. मागं वळून बघितलं तर बंकट दिसेना. पुढं बघितलं तर बंकट पुढं. शहादेवचं म्हणणं, तो तुरीच्या रानातून आडवा आला. बंकटचं म्हणणं, तो लघवीला गेलता आणि तुरीतून बाहेर निघाला तो रस्ताच पुढचा होता. पंचांनी लघवी ग्राह्य धरली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं, ते सव्वीस वर्षं. पण बंकट पळतोय म्हटल्यावर शहादेवला थांबता येईना.

पंचेचाळिशीनंतर पळणारे कमी होतात आणि सत्कार करणारे वाढतात. वयोगट नावाची एक सोय असते, हे शहादेवला तेव्हा कळलं. गटात चारच जण असले तरी पहिला तो पहिलाच. मग शाली यायला लागल्या. तुळजाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पहिल्या पाच शाली पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवल्या. पुढच्या दहा बहिणींच्या सासरी वाटल्या. त्यानंतरच्या पौषातल्या थंडीत शेळीच्या करडांच्या अंगावर पडल्या. शहादेवला ते आवडलं नाही, पण करडं खुशीत होती.

सत्कार म्हटला की भाषण आलं आणि भाषणात 'तुम्ही का धावता' हा प्रश्न आला. बंकटला हरवायला, असं शाळेतल्या पोरांना सांगता येत नाही. मग फोनवर येणाऱ्या सुविचारांतून त्यानं एक वाक्य उचललं. "धावणं म्हणजे माझ्यासाठी ध्यान आहे." पहिल्यांदा हे वाक्य तो घरी आरशासमोर म्हणून बघत होता, तेव्हा तुळजाबाई ताक घुसळत होती.

"ध्यान तर हायेच," ती म्हणाली.

आता शहादेव अठ्ठावन्नचा होता. मागच्या वर्षी त्याला साखर निघाली. गेवराईचा डॉक्टर म्हणाला, "काका, या वयात पळायची गरज नाही, रोज अर्धा तास चालत जा." ज्या माणसाला घोडा म्हणायचे त्याला चाल म्हटल्यासारखं झालं. घरात शेतीचा कारभार पोरगा राम बघायला लागला होता आणि बघता बघता शहादेवला विचारून होणाऱ्या गोष्टी उरल्या नव्हत्या. कापूस कधी विकायचा, बोअर कुठं घ्यायचा, सगळं ठरल्यावर त्याच्या कानावर यायचं. रस्त्यावर तसं नव्हतं. रस्त्यावर लोक मोटारसायकल हळू करून म्हणायचे, "काका, आज किती?" आणि काकांनी सांगितलेला आकडा ऐकून मान डोलवायचे. हे कारण मात्र त्यानं कुठल्याही भाषणात सांगितलं नव्हतं. सोतालासुद्धा नाही.

अशात एक दिवस पांढऱ्या जीपमधून परमेश्वर आला. हा तात्यासाहेबांचा पीए. तात्यासाहेब म्हणजे शिवशंकरतात्या, माजी सभापती, आणि येत्या निवडणुकीनंतर आणखी काहीतरी व्हायचा त्यांचा पक्का बेत होता. त्यांची एकसष्टी जवळ आली होती.

"एकसष्टीनिमित्त हाफ मॅरेथॉन ठेवलीय," परमेश्वर बाजेवर बसत म्हणाला. "एकवीस किलोमीटर. घाटाखालून निघायचं, घाट चढून धारूरला किल्ल्याच्या रस्त्याला संपवायचं. आन तात्यासाहेब सोता पळणारेत."

"कुठवर?" शहादेवनं विचारलं.

"पुरी."

तात्यासाहेबांना जीपमधून उतरायला एक माणूस खाली लागतो आणि एक आत, हे तालुक्याला माहीत होतं.

"पंचावन्नच्या वरच्या गटात," परमेश्वर पुढं म्हणाला. "त्या गटात साहेबांचा पहिला नंबर येणार हाय."

"येणार हाय म्हंजी?"

"म्हंजी यायला पायजे. जनतेची तशी इच्छा हाय. आता तुमी जर का जोरात पळाले, तर ते काय बरं दिसणार न्हाई. तुमी जरा मागं ऱ्हावा. दुसरा नंबर तुमचा. आन स्टेजवर तुमाला जीवनगौरव."

"शाल का?" तुळजाबाईनं चुलीपासून विचारलं.

"शाल, फेटा, ही एवढी मोठी ढाल."

"शाल नगं. कुकर-बिकर असंल तर बगा."

शहादेवला मात्र तो शब्द गोड लागला. जीवनगौरव. तालुक्यातल्या दोनच माणसांना आतापर्यंत तो मिळाला होता आणि दोघंही मिळाल्यावर वर्षभरात वारले होते, पण मान तो मान. शिवाय या वयात हरणं काय आणि जिंकणं काय, हे तो स्वतःच शाळाशाळांतून सांगत होता. त्यानं होकार दिला.

जीपमध्ये बसता बसता परमेश्वर म्हणाला, "धारूरच्या बंकटरावांना बी भेटलो. त्यांनी बी हा म्हणलं."

"त्याला कितवा दिलाय?"

"दुसरा," परमेश्वर बोलून गेला आणि मग थांबला. "म्हंजी दुसरा-तिसरा तुमी आपसात बगून घ्या ना. साहेबांच्या मागं काय बी चालंल."

दुसऱ्या दिवसापासून शहादेव पहाटे चारला उठायला लागला. पुढं दीड महिना त्यानं भात सोडला, मेथ्या भिजवून खाल्ल्या आणि तलवाड्याच्या आसपास चढ म्हणून जे काही होतं ते सगळं चढून काढलं. तुळजाबाईला हे कळेना.

"आवो, दुसरंच यायचंय ना? मग एवढा जीव कावून काढायलात?"

"दुसरं यायलाच लई तयारी लागती," शहादेव म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

दौडीच्या दिवशी घाटाखालच्या फाट्यावर सहाशे-सातशे माणूस जमलं होतं. सगळ्यांना टी-शर्ट वाटले होते. छातीवर हात जोडलेले तात्यासाहेब, पाठीवर मनगटाला घड्याळ बांधलेले तात्यासाहेब. कपडा असा की घाम आला की तो आधी तात्यासाहेबांच्या तोंडावर उमटायचा. सहाची वेळ दिली होती. साडेसातपर्यंत भाषणं चालली. तंदुरुस्तीवर बोलणारे चौघंही खुर्चीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकून उठले.

शहादेव पाय मोकळे करत उभा होता तेव्हा एक पोरगी जवळ आली. विशीची, केसांची घट्ट वेणी, पायात शिवलेले बूट.

"काका, मी स्वप्नाली. तुमी आमच्या शाळेत आलते. पळणं म्हंजी ध्यान, असं म्हणले होते."

"हा हा."

"मला धाप लागती. ध्यान काय अजून लागलं न्हाई."

"लागंल. तू कावून पळतीस?"

"भरतीसाठी," ती म्हणाली, जसं काही त्यात विचारण्यासारखं काय आहे. मग तिनं सांगितलं की दोन तासांच्या आत पहिली येणाऱ्या मुलीला तात्यासाहेबांच्या अकॅडमीत वर्षभर मोफत प्रवेश आहे. शहादेव तिला काहीतरी जुनं, स्वतःचं सांगणार होता, पण तेवढ्यात त्याला गर्दीत बंकट दिसला आणि तो पोरीला विसरला.

बंकटचं टक्कल पडलं होतं. उजव्या गुडघ्याला पट्टा होता. पण पोटऱ्या तशाच होत्या, बाभळीच्या खोडासारख्या. दोघांनी एकमेकांच्या पोटऱ्या बघून घेतल्या आणि तोंडं फिरवली.

ज्येष्ठांना अर्धा तास आधी सोडायचं ठरलं होतं. सगळ्यांबरोबर सोडलं असतं तर तात्यासाहेब फोटोत सगळ्यात मागं दिसले असते. झेंडा पडला. पुढं कॅमेऱ्याचा टेम्पो, मग तात्यासाहेब, आणि त्यांच्या मागं, बरोबर एका पावलावर, खांद्याला खांदा लावून शहादेव आणि बंकट. गटातले बाकीचे चौघं निवांत गप्पा मारत येत होते, त्यांना कुणी काही कबूल केलं नव्हतं.

वेग असा होता की रस्त्याच्या कडेच्या म्हशीसुद्धा थांबून बघत होत्या. वस्ती आली की तात्यासाहेब थांबायचे, हार घ्यायचे, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचे, लेकरांचे गालगुच्चे घ्यायचे. ते थांबले की हे दोघं थांबायचे. पण थांबणार तरी कसे? बंकटचा अंगठा चार बोटं पुढं दिसला की शहादेव आपला पाय सहा बोटं सरकवायचा. मग बंकट सरकायचा. एका हाराच्या वेळी दोघं सरकत सरकत इतके पुढं आले की तात्यासाहेबांच्या पाठीला दोन्ही बाजूंनी चिकटले.

"काय रे?" तात्यासाहेबांनी वळून विचारलं.

"काई न्हाई साहेब," दोघं एकदमच म्हणाले.

दोन किलोमीटरला तात्यासाहेबांना अचानक एक महत्त्वाचा फोन आला. फोन कुणाच्याच हातात नव्हता, पण परमेश्वरनं तो आल्याचं सांगितलं. जीप आली. आतल्या माणसानं ओढलं, खालच्यानं ढकललं. तात्यासाहेब काचेतून म्हणाले, "तुमी हळूहळू या. मी पुढं हायेच." टेम्पोही त्यांच्या मागं गेला.

रस्ता मोकळा झाला. पुढं घाट, मागं कुणी नाही, बघायला दोन-चार वानरं. दोघांनी अर्धा मिनिट तोंडदेखलं हळूहळू पळून बघितलं. मग कोण आधी सुटला, हे सांगणं अवघड आहे.

पहिले पाच-सहा किलोमीटर ते कुत्री मागं लागल्यासारखे पळाले. शहादेवला ओकारी येतेय असं वाटलं, पण बंकटच्या छातीतून शिट्टी वाजताना ऐकू येत होती, त्यामुळं धीर होता. घाटाची पहिली वळणं लागली. चढाला दोघांची पावलं आखडली. आणि तिसऱ्या वळणावर बंकट सव्वीस वर्षांनी शहादेवशी पहिलं वाक्य बोलला.

"टाच लई आपटायलास."

"तू तुझी टाच बग."

"बगायलोय. म्हणूनच सांगतोय. गुडघा जाईल. माझा गेला."

एक वळण मागं पडलं. खाली पळसाची झाडं, मोकळी रानं, लांबवर कुणाचा तरी ट्रॅक्टर. शहादेवला वाटलं आता काही बोललं नाही तर ती दुसऱ्या प्रकारची हार होईल.

"दवाखाना केला का?"

"केला. डॉक्टर म्हणला पळू नका." बंकट थुंकला. "कावून पळतोस बे अजून?"

"धावणं म्हंजी..."

"शाळेतलं नगं सांगू."

चढावर खोटं बोलायला दम जास्त लागतो. "घरी काई काम न्हाई," शहादेव म्हणाला. "म्हंजी काम हाय, पण मला कुणी इचारत न्हाई. हितं निदान लोक इचारतेत, किती झाले म्हणून. तू?"

"मंडळी गेली तीन वर्षांखाली."

शहादेवला ते माहीत नव्हतं. बोलणंच नसल्यावर माहीत कुठून होणार?

"सकाळी उठलं की चुलीपाशी कुणी नसतं," बंकट म्हणाला. "सून उशिरा उठती. तिची तरी काय चूक. ते रिकामं बगत बसायचं त्यापरीस म्या पळून येतो. येईपस्तोर च्या झालेला असतो." मग जरा थांबून, "लांब गेलं की बिस्कुट बी निघालेलं असतं."

शहादेवनं सव्वीस वर्षं मनात ठेवलेलं बाहेर काढलं.

"त्या दिवशी तुरीत खरंच लघवीला गेलतास का?"

"गेलतो की."

"बंकट."

"गेलतो, आईची आन. पण निघताना पुढचा बांध बगूनच निघालो."

सव्वीस वर्षं शहादेवनं हे वाक्य ऐकायची वाट बघितली होती. ऐकल्यावर काय काय वाटेल ते त्यानं ठरवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात काहीच वाटलं नाही. उलट टाकीतलं तेल कुणी काढून घ्यावं तसे पाय एकदम ढिले पडले. ते बंकटनं हेरलं आणि दहा पावलं पुढं काढली.

"हरामखोर," शहादेव म्हणाला आणि पायांत पुन्हा जोर आला.

धारूर जवळ आलं तेव्हा दोघं पुन्हा खांद्याला खांदा होते. मागून वेणीवाली स्वप्नाली सपसप येताना दिसत होती. तिच्याआधी निघून गेलेली पंचवीस-तीस जवान पोरं संपायच्या रेषेपर्यंत केव्हाच पोचली असतील, असा शहादेवचा हिशेब होता. पण शेवटच्या वळणावर तो बघतो तर ती सगळी पोरं रस्त्यात उभी. रेषेच्या तीनशे पावलं अलीकडं कार्यकर्त्यांनी आडवा दोर धरला होता. दोराच्या टोकाला परमेश्वर.

"कुणी पुढं जायचं न्हाई," तो सांगत होता. "फीत साहेब तोडणारेत. साहेब आले की सगळ्यांना सोडू."

"साहेब कुठंयत?"

"नाश्त्याला बसलेत."

पोरं जागच्या जागी उड्या मारत होती, अंग गार पडू नये म्हणून. काही जण खाली बसून पोटऱ्या चोळत होते. एकजण अर्धा तास झाला उभा आहे, असं म्हणत होता. पलीकडं मंडप दिसत होता, बँडवाले दिसत होते, आणि स्टेजच्या टेबलावर एक ढाल अशी चमकत होती की शहादेवला डोळ्यांवर हात धरावा लागला.

स्वप्नाली येऊन दोराला आदळली. तिनं हातातलं घड्याळ बघितलं. "दोन तासाला नऊ मिनटं ऱ्हायलीत. मला जाऊ द्या."

"वेळेचं काय घेऊन बसलीस," परमेश्वर म्हणाला. "वेळ आपण लिहून घेऊ."

"आपण न्हाई लिहीत. फितीखाली मशीन हाय. ते आपोआप लिहितं."

"मशीनला सांगू."

पोरगी शहादेवकडं वळली. "काका, तुमी सांगा ना. तुमचं ऐकतील. अंग थंड पडायलंय माझं."

शहादेवनं ढालीकडं बघितलं. मग पोरीकडं बघायचं टाळून तो म्हणाला, "जरा दम धर पोरी. मोठ्या माणसांचं असं असतंच." आपला आवाज आपल्यालाच कसातरी लागला त्याला. छाती मोजणाऱ्या माणसाचा आवाज असाच भला होता. पण ढाल मोठी होती, आणि पाच-दहा मिनिटांनी कुणाचं काय जातं, असंही मनात आलंच.

आठ मिनिटं राहिली. सात राहिली. बंकट बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. शहादेवनं ते बघितलं आणि त्याला एवढंच सुचलं की बंकटच्या बुटाला नाडी नव्हती, चिकटपट्टी होती. तोवर बंकट दोराखालून पलीकडं गेलाही होता.

पुढच्या दोन मिनिटांबद्दल नंतर लोक पुष्कळ बोलले. न्याय, तरुण पिढी, मुजोरी, असे शब्द वापरले गेले. शहादेवच्या डोक्यात त्यातला एकही शब्द नव्हता. त्याला बंकटची टाच दिसली आणि ती पुढं चालली होती. बस. ढाल, फेटा, साखर, सगळं तिथंच सोडून तो दोराखाली वाकला आणि सुटला. म्हातारे सुटलेले बघून पोरं सुटली. स्वप्नाली सगळ्यांच्या आधी. दोर कुणी सोडला नाही, तो नुसता वाहून गेला, आणि टोक मुठीला गुंडाळून उभा असलेला परमेश्वर चार पावलं त्याच्याबरोबर गेला.

पहिला माणूस दिसला की वाजवायचं, एवढंच बँडवाल्यांना सांगितलं होतं. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. फटाक्यांच्या माळा लावायच्या होत्या, त्या लावल्या. तो आवाज ऐकून शेजारच्या घरातून तात्यासाहेब हातात भजं घेऊन बाहेर आले आणि फितीकडं पळाले. त्या दिवशी ते खऱ्या अर्थानं पळाले असतील तर तेवढंच, वीस-पंचवीस पावलं, पण त्यात हयगय केली नाही. फीत तोवर स्वप्नालीच्या वेणीत अडकून पुढं गेली होती.

मशीननं तिचा वेळ लिहिला, दोन तासाला पाच मिनिटं कमी. शहादेव आणि बंकट धुरात, पोरांच्या घोळक्यात कुठंतरी रेषेवरून गेले. त्यांच्यातलं पुढं कोण होतं, हे मशीनला माहीत नव्हतं. ज्येष्ठांच्या छातीवरच्या नंबरांना मशीनची पट्टीच लावलेली नव्हती, त्यांचा निकाल आधीच छापून झाला होता.

तात्यासाहेब राजकारणात उगाच तीस वर्षं टिकले नव्हते. भजं संपवून ते माइकवर आले. "मीच सांगितलं," ते म्हणाले, "आधी माझ्या तरुण पोरापोरींना जाऊ द्या. माझी एकसष्टी आहे, त्यांचं आयुष्य आहे." टाळ्या पडल्या. स्वप्नालीला अकॅडमीचं पत्र मिळालं, फोटोत ते पत्र अर्धं तात्यासाहेबांच्या हातात होतं. मग जीवनगौरव जाहीर झाला. दोन्ही म्हाताऱ्यांनी मान वर केली. तो तात्यासाहेबांनाच देण्यात आला, एकसष्टी त्यांचीच होती.

गर्दी पांगत होती तेव्हा स्वप्नाली शोधत आली आणि शहादेवच्या पाया पडली. "काका, माझ्यासाठी तुमी एवढा मान सोडला."

शहादेवनं तोंड उघडलं. बंकट दोन पावलांवर उभा राहून पाण्याची बाटली पीत होता, आणि बाटलीवरून त्याचे डोळे रोखून बघत होते की आता हा काय सांगतो.

"असू दे पोरी," शहादेव म्हणाला.

"आमाला राहावलंच न्हाई," बंकटनं भर घातली.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'ज्येष्ठांचा तरुणांसाठी सत्याग्रह' अशी बातमी आली. रामनं ती मोठ्यानं वाचून दाखवली आणि कितीतरी दिवसांनी बापाला विचारलं, की दादा, नेमकं काय झालं? शहादेवनं सांगितलं. पेपरात होतं तेवढंच सांगितलं. तुळजाबाईला फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची होती.

"शाल न्हाई दिली?"

"न्हाई."

"बरं झालं."

चार दिवसांनी सकाळी साडेसातला फोन वाजला. अनोळखी नंबर.

"म्या पुढं होतो," पलीकडून आवाज आला.

"कोण म्हणलं?"

"म्या म्हणतोय."

"तुझा अंगठा पुढं आसंल. छाती माझी पुढं होती."

"तुझी छाती कमी भरलती ना पोलिसात?"

शहादेवनं फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी साडेसातला त्यानं स्वतः लावला. मग ते रोजचंच झालं. बंकट धारूरच्या अंगाला पळून यायचा, शहादेव तलवाड्याच्या रस्त्याला, आणि घाम वाळायच्या आत फोन व्हायचा. किती झाले? सात. माझे आठ. बंकटच्या सातात एक किलोमीटर हवेतला असायचा हे शहादेवला ठाऊक होतं, म्हणून तोही आपल्यात एक घालून सांगायचा. मग सुनेनं चहा केला का, बिस्किटं किती दिली, राम बोअर कुठं घेतोय, पेपरात काय आलंय, असं चालायचं. पळणं पाऊण तास आणि फोन एक तास, असा हिशेब बसला. कुणी रस्त्यात "काका, आज किती?" विचारलं तर शहादेव आकडा सांगायचा नाही. तो आधी बंकटला सांगायचा असायचा.

फाल्गुन लागला. एक दिवस पहाटे हवा अशी लागली की शहादेवचे पाय थांबेचनात. अकरा किलोमीटर झाले, खरे अकरा, हवेतलं एक धरलं नव्हतं. एवढं त्यानं दौडीनंतर कधी केलं नव्हतं. तो घरी आला, फोन हातात घेऊनच बाजेवर बसला. आकडा जिभेच्या टोकावर होता. साडेसातला फोन आला नाही. पावणेआठला आला.

"आज गेलो न्हाई," बंकट म्हणाला. "गुडघा सुजलाय. रात्रीपासून पाय टेकवंना. डॉक्टर म्हणतो म्हैनाभर बाजेवरून उठायचं न्हाई." मग तो हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाला, "चुलीकडं बगत बसलोय. तुझे किती झाले?"

शहादेवनं पायांकडं बघितलं. धुरळा पोटरीपर्यंत चढला होता.

"म्या बी न्हाई गेलो," तो म्हणाला.

"कावून बे?"

"कंटाळा आला. उठावंच वाटलं न्हाई."

"तुला?"

"वय झालं आता. सूज उतरली का थोडी? काय लावलंस?"

बंकट काय काय लावलं ते सांगायला लागला. एरंडाचं पान, हळद, डॉक्टरचं मलम. शहादेव ऐकत होता आणि मधूनमधून हूं म्हणत होता. तुळजाबाईनं त्याचं चिंब झालेलं बनियन दगडावर पिळलं, त्यातून तांब्याभर पाणी निघालं. तिनं बनियनकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, आणि ते दोरीवर टाकत हळूच विचारलं, "पोहे टाकू का?"

शहादेवनं होकाराची मान हलवली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.